स्वतंत्रतावादी नीतीवरचं पुस्तक स्वतः काढताना: लिहिण्यापासून वाचकाच्या हातात जाईपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: माणसाची स्वतःवरची आणि स्वतःच्या वस्तूवरची मालकी, राजीखुशीचा करार आणि कोणावरही जबरदस्ती न करणं, या तीन पायांवर उभं असलेलं नीतिशास्त्र मराठीत मांडणारं पुस्तक तुम्ही लिहिताय. साडेतीनशे पानांचा मजकूर तयार आहे. दोन प्रकाशकांनी ‘या विषयाला मराठीत वाचक नाही’ असं सांगून तो परत केला. आता स्वतःच छापायचं ठरवलंय, पण मजकूर आहे तसा चालेल का आणि पुस्तक लोकांपर्यंत न्यायचं कसं, हे तुम्हाला विचारायचंय. मी बरीच वर्षं वैचारिक पुस्तकांचं संपादन करतो. त्यातली अनेक लेखकांनी स्वतःच्या पैशानं काढलेली होती. त्या अनुभवावरून सांगतो.

वाचक नाही, हे मला मान्य नाही. चुकीचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून पुस्तक लिहिलं जातं, ही खरी अडचण आहे. लॉक, नोझिक, रॉथबार्ड या मालकी-स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या पाश्चात्त्य विचारवंतांची नावं ओळखणारा माणूस तुमचं पुस्तक मराठीत वाचणारच नाही, तो मूळ इंग्रजी वाचेल. मुंबईत रणछोडदास लोटवाला यांच्या पुढाकारानं ‘द इंडियन लिबर्टेरियन’ नावाचं इंग्रजी पाक्षिक पन्नास-साठच्या दशकांत निघत होतं. त्यात दर्जेदार लेखन येत असे, पण आज ते अभ्यासकांपलीकडे कोणाच्या आठवणीत नाही. उलट शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि १९७९ साली तिथूनच ‘वारकरी’ हे साप्ताहिक काढायला लागले. कांद्याच्या भावापासून सुरुवात करून ते वाचकाला थेट मालकी, बाजार आणि सरकार या प्रश्नांपर्यंत घेऊन गेले. पुढे त्यांनी ‘स्वतंत्रतावाद’ हा शब्दही उघडपणे वापरला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी तो आपला मानला. त्यांची पुस्तकंही बरीचशी चळवळीतल्याच लोकांनी उभ्या केलेल्या प्रकाशनांतून आली.

तेव्हा तुमचा वाचक म्हणजे ज्याला स्वतःच्या वस्तूचं काहीतरी करायचं होतं आणि कोणीतरी अडवलं असा माणूस. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा ज्याची कांदाचाळ भरलेली होती, तो. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीत ज्याच्या बापाला कापूस राज्याबाहेर नेऊन विकायची मनाई होती, तो. फेरीचा परवाना मिळत नाही म्हणून रोज गाडी उचलून पळणारी बाई. दुसऱ्या जातीत लग्न करायला निघालेली आणि घरच्यांनी कोंडून ठेवलेली मुलगी. हो, तीसुद्धा. जबरदस्ती फक्त सरकारच करतं असं तुमचं पुस्तक वाचून वाटत असेल, तर ते अर्धंच लिहून झालंय.

आता मजकुराकडे. तुम्ही पाठवलेल्या अनुक्रमणिकेत पहिली नव्वद पानं युरोप-अमेरिकेतल्या विचारवंतांच्या परिचयाची आहेत. ती पुढून काढा. दहा-बारा पानांत आटोपून शेवटी परिशिष्टात टाका. पुस्तकाची सुरुवात प्रसंगानं झाली पाहिजे आणि तत्त्व त्या प्रसंगातून निघालं पाहिजे. तुमच्या तिसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य घेतो: ‘स्व-स्वामित्वाच्या तत्त्वातून उद्भवणारा संपत्तीचा अधिकार निरपेक्ष असल्याने राज्यसंस्थेचा त्यातील कोणताही हस्तक्षेप हा आक्रमणाच्या व्याख्येत समाविष्ट होतो.’ व्याकरण बिनचूक आहे, पण कोणाच्याही मनाला ते भिडत नाही. हेच असं लिहून पाहा:

‘एका विधवा बाईंची दीड एकर जमीन आहे. मुलगा शहरात नोकरीला, घरी कसायला कोणी नाही. गावातले एक शिक्षक ती घ्यायला तयार आहेत आणि भावही चांगला देतायत. पण शिक्षकांच्या नावावर कुठलाच सातबारा नाही. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. घेणारे उरले गावातले दोन-तीन सातबारावाले. दुसरं गिऱ्हाईक येऊ शकत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते पाडून मागतात. देणारी राजी, घेणारा राजी. मधे उभं राहून कायद्यानं नेमकं कोणाचं रक्षण केलं?’

यानंतर तुमचं ते तत्त्वाचं वाक्य सोपं करून द्या, वाचक ते आपणहून मान्य करेल. मात्र लगेच पुढच्याच परिच्छेदात हा कायदा का आला तेही प्रामाणिकपणे लिहा. जमीन कसणाऱ्याच्या हातून सावकाराकडे आणि शहरातल्या पैसेवाल्याकडे जाईल ही भीती त्यामागे होती आणि ती हवेतली नव्हती. विरुद्ध बाजू तिच्या सगळ्या ताकदीनिशी मांडल्याशिवाय नीतीवरचं पुस्तक उभं राहत नाही. वाचकाच्या मनातला प्रश्न तुम्ही टाळलात तर तो पुस्तक तिथेच मिटून ठेवतो.

सगळ्यात मोठा प्रश्न जातीचा आहे, आणि तुमच्या अनुक्रमणिकेत तो कुठेच नाही. महाराष्ट्रात मालकीहक्कावर नैतिक पुस्तक लिहून महाडच्या चवदार तळ्याला वळसा घालता येत नाही. तो इतिहास आपण शाळेत शिकतो, पण त्यातली मालकीची बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं त्याप्रमाणे तळं खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि परतणाऱ्यांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. पुढे नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधक दिवाणी कोर्टात गेले. त्यांचा दावा काय होता? हे तळं सार्वजनिक नाही, ‘चौधरी तळं’ आहे, खाजगी मालमत्तेसारखं आहे, आणि ते कोणी वापरायचं हे ठरवण्याचा हक्क आमचा आहे! त्या दाव्यावर तात्पुरता मनाईहुकूम मिळाला, आणि त्या वेळी सत्याग्रहींनी तळ्यावर जाणं थांबवलं. खटला चालत राहिला. १९३७ साली मुंबई हायकोर्टात तो अखेर आंबेडकरांच्या बाजूनं निकाली निघाला.

म्हणजे तुमच्या पुस्तकातलं सर्वांत लाडकं तत्त्व, मालकाला नाही म्हणण्याचा हक्क, इथे माणसांना पाणी नाकारण्यासाठी वापरलं गेलं. तळं खाजगी नव्हतंच, हे उत्तर कोर्टापुरतं पुरेसं आहे. नीतिशास्त्राला पुरत नाही, कारण तुमचा वाचक विचारणार: समजा, असतं तर? दोन वाटा आहेत. एक म्हणजे, मालकाचा हक्क मालकाचाच, त्याचा वापर नीच असला तरी कायद्यानं अडवू नये, असं म्हणायचं आणि त्याची नैतिक किंमत पुस्तकात उघडपणे मोजून दाखवायची. दुसरी म्हणजे, मुळात ती मालकी आली कशी हे विचारायचं. ज्या समाजात एका समूहाला जमीन, विहीर, हत्यार, विद्या यांपासून पिढ्यानपिढ्या बळानं दूर ठेवलं गेलं, तिथे दुसऱ्या समूहाची मालकी राजीखुशीच्या व्यवहारांतून झाली असं म्हणता येत नाही. जबरदस्ती न करण्याचं तत्त्व पहिल्यांदा मोडलं ते अस्पृश्यता लादणाऱ्यांनी. नोझिकनं १९७४ साली मालकीच्या न्यायाची तीन तत्त्वं सांगितली, त्यातलं तिसरं जुन्या अन्यायाच्या दुरुस्तीचं आहे. त्यानं ते सविस्तर मांडलं नाही, तरी त्याच्या सिद्धांतात त्याची जागा पक्की आहे. माझ्या मते दुसरी वाट जास्त भक्कम आहे. पण ती घेतलीत तर शेवटपर्यंत चालावं लागेल, कारण मग आजच्या सातबाऱ्यांपैकी कितींचं मूळ स्वच्छ आहे, हा प्रश्न अंगावर येतो. त्यावर तुमचं जे उत्तर असेल ते लिहा. हे प्रकरण पुस्तकाच्या मध्यावर नको, पहिल्या एक-तृतीयांश भागातच यायला हवं. नागपूर-औरंगाबादच्या कुठल्याही सभेत पहिला प्रश्न याच्यावर येणार आहे आणि तो विचारणारा माणूस तुमच्या सर्वांत चांगल्या वाचकांपैकी असेल.

बाकीचे आक्षेप (दुष्काळात अन्नाचा भाव, मुलांचे हक्क, धरणासाठी जमिनी घेणं) तुम्ही घेतलेच आहेत. एकच सुचवतो. बियाणांच्या स्वातंत्र्याच्या प्रकरणात जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी जाहीरपणे एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारा जनुकबदल केलेला कापूस पेरला तो प्रसंग आणा. परवानगी नसलेलं वाण उघडपणे लावणं आणि कारवाई ओढवून घेणं, ही नैतिक कृती आहे. तिच्यावर तुमचं नीतिशास्त्र काय म्हणतं हे वाचायला मी उत्सुक आहे.

साडेतीनशे पानं फार होतात. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात पानाला साधारण २८० ते ३०० शब्द बसतात. पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं, म्हणून १२ फॉर्म, म्हणजे १९२ पानं, हे लक्ष्य ठेवा. पन्नास हजार शब्दांत तुमचं म्हणणं बसतं. नवख्या लेखकाचं १९२ पानांचं वैचारिक पुस्तक लोक उचलून चाळतात, जाडजूड ग्रंथाला ‘नंतर वाचू’ म्हणतात. कापाकापी स्वतः करू नका. विषयाशी असहमत असलेल्या, पण सज्जन अशा माणसाकडून मजकूर वाचून घ्या. सहमत वाचक फक्त शुद्धलेखन सुधारून देतो. त्याला युक्तिवादातली भोकं दिसत नाहीत, कारण ती त्यानं स्वतःच्या मनात आधीच बुजवलेली असतात.

मुद्रितशोधनाला पैसे खर्च करा, मुखपृष्ठापेक्षाही जास्त. मजकूर श्रीलिपी या जुन्या टायपिंग प्रणालीत टाइप झालेला असेल आणि मांडणी युनिकोडमध्ये करायची असेल, तर रूपांतरात अक्षरं फुटतात. ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होऊन बसतात, ऱ्हस्व-दीर्घ हलतात. हे संगणकाच्या पडद्यावर नजरेतून सुटतं, म्हणून एक प्रूफ कागदावर काढून, शक्य तर मोठ्यानं वाचत तपासा. वैचारिक पुस्तकात पानापानावर अशुद्धं दिसली की वाचक विचारांवरही अविश्वास दाखवतो, आणि मला तो दोष वाचकाचा वाटत नाही.

छपाईसाठी आधी ३०० प्रतींपेक्षा जास्त काढू नका. ऑफसेटवर हजार प्रती काढल्या तर प्रतीमागे खर्च कमी येतो हे खरं, पण उरलेल्या सातशे प्रतींचे गठ्ठे घरात पडून वाळवी लागली, की ती बचत राहत नाही. आतला कागद ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, किंचित पिवळसर छटेचा असेल तर डोळ्यांना बरा. कव्हर ३०० जीएसएमचं, मॅट लॅमिनेशन. एकरकमी पैसे घेऊन ‘सगळं आम्ही करतो’ म्हणणाऱ्या योजनांशी करार करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: मांडणीची मूळ फाइल कोणाकडे राहणार, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) कोणाच्या नावावर असणार आणि करार मोडून बाहेर पडायचं झालं तर काय. करारावर पुस्तक लिहिणाऱ्यानं स्वतःचा करार नीट वाचला पाहिजे. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. ही सक्ती आहे आणि तुम्हाला तिच्यावर तात्त्विक आक्षेप असू शकतो. तरी पाठवा. पन्नास वर्षांनी कोणी या विषयावर मराठीत काय लिहिलं गेलं हे शोधायला निघालं, तर तिथेच त्याला तुमचं पुस्तक सापडेल.

किंमत ठरवताना लेखक विक्रेत्याचा वाटा विसरतात. समजा छपाई प्रतीमागे ८५ रुपये पडली आणि किंमत ३०० ठेवली. विक्रेता ४० टक्के, म्हणजे १२० रुपये घेणार. उरले १८०. त्यातून छपाई गेली की ९५ राहतात, आणि त्यातच टपाल, अभिप्रायाच्या प्रती, फाटक्या-परत आलेल्या प्रती हे सगळं भागवायचं. तेव्हा १५० रुपये किंमत ठेवून ‘विचार स्वस्तात पोचवतो’ म्हणणं तुम्हाला दुसऱ्या आवृत्तीपर्यंत जाऊ देणार नाही. दुकानात प्रती बहुधा विक्रीनंतर पैसे या बोलीवरच ठेवल्या जातात. चलन करून घ्या आणि दर तिमाहीला हिशेब विचारत राहा, त्यात संकोच नको.

अनुदानाचं तुम्ही विचारलंय. पहिल्या पुस्तकासाठी नवलेखकांना सरकारी अनुदान मिळू शकतं. कराच्या पैशातून चालणाऱ्या योजनेवर टीका करणारं पुस्तक त्याच पैशातून छापावं का? आयन रँड या अमेरिकी लेखिकेनं असं म्हटलं होतं की, जो अशा योजनांना उघड विरोध करतो त्यानं ते पैसे आपल्याकडून घेतलेल्याची भरपाई म्हणून घ्यायला हरकत नाही. युक्तिवाद पोकळ नाही. तरी माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही घेऊ नये. नीतीवरच्या पुस्तकात लेखकाचं वागणं हाही पुराव्याचाच भाग असतो, आणि तुमच्या शत्रूला पहिल्या पानावरच्या ‘अनुदानप्राप्त’ या एका ओळीशिवाय दुसरं काही लागणार नाही. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तक विकणं मात्र मला वेगळं वाटतं. तिथे वाचक आहे, त्याला पुस्तक हवंय, आणि तो कर भरून बसलेला आहे.

कॉपीराइटवर तुमच्याच पंथात दोन तट आहेत. रँडला तो हक्क मान्य होता. स्टीफन किन्सेला या अमेरिकी वकील-लेखकासारखे लोक विचारांवर मालकी असूच शकत नाही म्हणतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि १९५७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो आपणहून सोडताही येतो. जे तत्त्व पुस्तकात मांडाल त्याप्रमाणेच हक्काच्या पानावर लिहा. तुमचा कल दुसऱ्या तटाकडे दिसतो. मग छापील प्रत विका आणि वर्षानंतर मजकूर कोणालाही छापायची मुभा देऊन खुला करा.

पोचवण्याचं काम पुस्तक छापण्याच्या सहा-आठ महिने आधी सुरू होतं. दिवाळी अंकांचे संपादक उन्हाळ्यातच लेख ठरवतात. महाडचं प्रकरण किंवा कलम ६३ चं प्रकरण स्वतंत्र लेख म्हणून त्यांना पाठवा. वैचारिक मजकूर पैसे देऊन विकत घेऊन वाचणारा माणूस दिवाळी अंकातच भेटतो. त्यानंतर प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करा. तीनशेचं पुस्तक दोनशेला, पैसे आगाऊ. शंभर जणांनी आगाऊ पैसे दिले तर छपाईचा मोठा भाग निघतो आणि वाचक आहे की नाही याचं उत्तरही मिळतं. परिचयासाठी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांना अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवण्याची पद्धत आहे, ती पाळा, पण सोबत एक पानाचं टिपण जोडा: पुस्तक कशाविषयी आहे आणि त्यात वाद घालण्यासारखं काय आहे.

मात्र खरी विक्री व्याख्यानानंतर होते. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केल्यापासून दीडशे वर्षांत ही परंपरा तालुक्यांच्या गावांपर्यंत गेलीय, आणि आयोजक नवे वक्ते शोधतच असतात. त्यांना ‘स्वतंत्रतावादी नीतिशास्त्राची मूलतत्त्वे’ असा विषय देऊ नका. ‘माझ्या कांद्याचा मालक कोण?’ असा द्या. लासलगावच्या परिसरात अशा एका सभेनंतर मी पुस्तकांच्या टेबलाशी उभा होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं अनुक्रमणिका बोट फिरवत वाचली, निर्यातबंदीच्या प्रकरणाशी थांबला, त्यातली दोन पानं उभ्यानं वाचली आणि विचारलं, “मग शहरातल्या गरिबानं कांदा खायचा कसा, ते दिलंय का?” मी पुढचं पान उघडून दाखवलं. ते वाचून त्यानं दोन प्रती घेतल्या. वर सांगितलेली लिखाणाची सगळी खटपट त्या पुढच्या पानासाठी आहे.

टेबलावर सुटे पैसे, यूपीआयचा क्यूआर आणि पावतीपुस्तक ठेवा. ज्यांना परवडत नाही त्यांना फुकट वाटू नका, गावच्या वाचनालयाला एक प्रत द्या. टपालानं पाठवायला १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. ७० जीएसएम कागदावरचं १९२ पानांचं पुस्तक त्या वजनात बसतं. परदेशातल्या मराठी वाचकांसाठी किंडल आवृत्ती काढा, तिथे मराठी ई-पुस्तक चालतं. फक्त किंडलच्या ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घालण्याआधी लक्षात घ्या की त्या ९० दिवसांच्या मुदतीत ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. वर्षानंतर मजकूर खुला करणार असाल तर त्याआधी त्या योजनेतून बाहेर पडावं लागेल.

पुस्तकाच्या शेवटी तुमचा ई-मेल आणि ‘पुढील आक्षेप पाठवा’ अशी एक ओळ द्या. येणारी पत्रं प्रकरणवार फाइल करून ठेवा. दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्यातला सर्वांत अवघड आक्षेप, पाठवणाऱ्याची परवानगी घेऊन, त्याच्याच शब्दांत छापा आणि खाली तुमचं उत्तर द्या. पहिल्या ३०० प्रती संपायच्या आधी महाडच्या प्रकरणावर पाच-सहा तरी पत्रं येतील, त्यासाठी एक फॉर्म जास्तीचा धरूनच दुसऱ्या आवृत्तीचं अंदाजपत्रक करा.